दादा, तू कळपाच्या पुढं चालत होतास

दादा,

तुझ्याशी भांडण पुरं करायचं म्हणजे आधी तुला जागेवर बसवून ठेवायला लागायचं, आणि ते मला कधी जमलं नाही. बोलणं अंगाशी यायला लागलं की तू गाडीची किल्ली बोटात फिरवायचास, "चल शाले, पिकअप हाय," म्हणायचास आणि निघायचास. आता तुला कुठं जायचं नाही, तर समोर बसायला तूच नाहीस. म्हणून लिहिते. "लिव, लिव, त्यापायीच तर शिकवली तुला," असं म्हणशील. म्हण. तू शिकवलंस हे मी कुणालाही ताठ मानेनं सांगते.

तुझ्या मातीला माणसं पुष्कळ आली. धनगरवाड्यावरची, खाली ताम्हिणीतली, हिंजवडीचे ड्रायव्हर तर गाड्या भरून. "कावीळ झाली व्हती म्हनं," कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, "कसली कावीळ, करनी हाय." मी तिथंच उभी राहून सांगितलं, "कावीळ नाही आणि करणी नाही. एचआयव्ही होता त्याला." काहींनी पायाखालच्या मातीकडं बघितलं. तुला राग आला असता, ठाऊक आहे मला. पण तू लपवून जगलास म्हणून मी लपवून मागं राहायचं, हे मला जमणारं नाही.

तरी तेवढं बोलून ते पुरं खरं झालं नाही. नुसत्या एचआयव्हीनं तू एवढ्या लवकर गेला नसतास. वैनीच्या रक्तातही तोच विषाणू आहे. त्याच दवाखान्यातली तीच औषधं ती खाते, आणि आज ती शेरडांना पाला तोडून आणते. तुझ्या अंगात आणखी एक गोष्ट जात होती. ती पुडी.

तू आठवीत शाळा सोडलीस ती नापास होऊन नाही. "दोघंबी शाळंत ग्येलो तर शेरडामागं कोन जाईल?" असं आबानं विचारायच्या आधी तूच म्हणालास. आये तेव्हा नुकतीच गेली होती. ताम्हिणीचा पाऊस म्हणजे हाताएवढ्या अंतरावरचं माणूस दिसू नये असा. त्यात मला इरल्याखाली घेऊन तू रस्त्यापर्यंत यायचास, एसटीत चढवायचास, आणि तेच इरलं पाठीवर टाकून पुन्हा वर शेरडांकडं जायचास. कॉलेजात मुली विचारायच्या, भाऊ काय करतो. मी सांगायची, शेळ्या राखतो. आवाज कधी खाली केला नाही. माझा निकाल लागला तेव्हा तू पेढ्यांचा पुडा घेऊन धाब्यावर गेलास आणि ओळख ना पाळख अशा ट्रकवाल्यांना वाटत सुटलास. "भैन बीएस्सी झाली. म्हंजी काय झाली त्ये मलाबी ठाव न्हाई. खावा!"

मी उरवड्याच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत लागले, आणि तू गाडी शिकून हिंजवडीच्या कंपन्यांतली माणसं न्यायला-आणायला लागलास. लग्न झालं, हिंजवडीजवळ नांदे गावात खोली घेतलीस. रात्रपाळीची पोरं घरी सोडायची, सकाळपाळीची उचलायची, मधल्या वेळात कुणाचं विमानतळाचं भाडं. मी विचारायची, "झोपतोस कधी?" तू म्हणायचास, "शिग्नलला." सुरुवातीला तुम्ही ड्रायव्हर लोक मेडिकलमधून दम्याच्या गोळ्या आणून खायचात, जाग राहते म्हणून. मग कुठून तरी ती पांढरी पूड आली. कुणाच्या हातून यायची ते तू शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. तिला तुम्ही 'चार्जिंग' म्हणायचात. शेजारच्या खोलीतला लातूरकडचा संतोष, तोही ड्रायव्हर, चहा झाला का विचारावं तसा दारातून विचारायचा, "बिरूभाऊ, चार्जिंग झालं का?"

मग तो ताप आला आणि उतरेना. तुझं रक्त तपासलं, वैनीचं तपासलं. विषाणू तुझ्याकडं कुठून आला हे मी कधी विचारलं नाही. वैनीनं विचारलं असेल, तो तुमचा दोघांचा विषय. कितीतरी दिवस ती तुझ्याशी एक शब्द बोलली नाही, पण दवाखान्यात तुझ्याच गाडीत, मागच्या सीटवर बसून यायची.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात औषधं फुकट मिळायला लागली होती. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं: सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळेला, जन्मभर. सुरुवातीला मळमळेल, चक्कर येईल, पण सोडायचं नाही. तसंच झालं. वैनी मोरीत बसून ओकायची आणि तोंड धुऊन पुढच्या वेळेची गोळी घ्यायची. तुलाही तेच व्हायला लागलं. पण तू पुडी घेतलीस आणि तुझी चक्कर पळाली. तिथं तुझ्या मनात एक गाठ बसली, ती मला शेवटपर्यंत सोडवता आली नाही.

नांद्याच्या खोलीत, भर दुपारी, आपण त्यावरून कडाक्याचे भांडलो.

"तुझ्या सरकारी गोळीनं मी आडवा व्हतो, आन् माझ्या पुडीनं हुबा ऱ्हातो," तू म्हणालास. "आता औषिद कुटलं आन् इख कुटलं, सांग की बीएस्सी."

"पुडीनं तुला बरं वाटतं. बरा होत नाहीस तू."

"वाटतंय त्येवढं बास हाय मला."

"दादा, ऐक. अंगात पांढऱ्या पेशी असतात. समज, आपली राखणीची कुत्री. हा विषाणू म्हणजे लांडगा. पण हा लांडगा शेरडाला हात लावत नाही. कुत्र्यालाच धरतो. त्याच्या पोटात शिरतो आणि तिथंच वितो."

तू एवढ्यानं हसलास की शेजारून संतोष डोकावला. "ऐक रं संत्या! कुत्र्याच्या पोटात लांडगा! ह्ये शिकवत्यात कालेजात. शाले, फी परत माग."

"हस तू. पुडी घेतली की तुझं अंग उगाच पेटून उठतं. कुत्री बिनकारणाची भुंकत, पळत राहतात. आणि कुत्रं जेवढं खवळलेलं, तेवढा त्याच्या पोटातला लांडगा जास्त वितो. वर तुला झोप नाही, जेवण नाही, छातीवर सगळा ताण. आणि पुडीच्या नादात गोळीची वेळ चुकली की लांडग्याला औषधाची सवय होते. मग तो त्याला भीत नाही."

तुझं हसू ओसरलं. मला वाटलं, पोचलं. डॉक्टरीणबाईंना पुन्हा पुन्हा विचारून, न कळणारी इंग्रजी पानं कळेपर्यंत वाचून मी ते तुझ्या भाषेत आणलं होतं. तू गाडीची किल्ली उचललीस. मग म्हणालास, "मंग त्या कुत्र्यास्नी झोपवायचं औषिद दे. मला गाडी चालवाय लागती." आणि उठलास.

आपल्या घरात आजार कसा ओळखतात, ते मी शहरातल्या मैत्रिणींना सांगितलं तर त्यांना गंमत वाटते. शेरडू आजारी आहे का हे आपण अंगाला हात लावून ठरवत नाही. कळप चढाला घालायचा. जे मागं राहतं ते दुखणाईत. संध्याकाळी त्याला वेगळं बांधायचं, त्याच्याकडं बघायचं. जे पुढं चालतं त्याची चौकशीच नाही. आबाचं सगळं आयुष्य त्यावर गेलं, आणि आबा क्वचितच चुकला.

त्या दसऱ्याला तू आणि वैनी घरी आलात. आबानं कळप वरच्या पठारावर न्यायला काढला आणि तू काठी घेऊन पुढं झालास. शेरडं तुझ्या मागं धावत होती. तू दगडावरून दगडावर उड्या टाकत होतास, वर पोचून आम्हाला हाका मारत होतास. आबा मधल्या खडकावर टेकला, आणि आये गेल्यापासून मी त्याच्या तोंडावर तसा आनंद बघितला नव्हता.

"बघ शाले. तू म्हंतीस आजारी. आगं, कुनाला आटपंना झालाय गडी."

"आबा, त्याचा जबडा बघ."

"जबड्याला काय झालं?"

तू दातावर दात घासत होतास. तोंडात काही नसताना रवंथ चालावा तसा. ओठ सुकून फाटलेले, डोळे नको तेवढे उघडे. मागून वैनी आली, दम खात. तिनं हळूच माझ्या कानाशी सांगितलं, "वन्सं, कालपासनं भाकरीचा तुकडा मोडला न्हाई त्यांनी." ते आबाला ऐकू गेलं नाही. तो तिच्याकडंच बघत होता. "सूनबाई, जमंना का तुला? लई मागं पडाय लागलीस." त्या दिवशी आबाच्या मनात आजारी ठरली ती वैनी. पुढं बरेच दिवस तो मला सांगायचा, पोरीची काळजी घे, ती काय टिकायची न्हाई.

त्यानंतर तू उतरत गेलास. पट्ट्याला नवीन भोकं पडली. तोंडात पांढरा चट्टा आला, जुलाब थांबेनात. तरी पुडी घेतली की तू गाडीवर हजर. दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, आणि त्या रागावल्या नाहीत म्हणून मी घाबरले. त्या म्हणाल्या, ह्या औषधाला तुझा विषाणू सरावलाय. ह्याच्या पुढचं, जास्त जोराचं औषध आता सरकार देतं, पण मोजक्या ठिकाणी, आणि जे नेमानं घेतील अशांनाच. काही महिने एकही वेळ न चुकवता गोळी घे, पुडी पूर्ण बंद कर, मी स्वतः तुला तिकडं पाठवते. "ते मिळालं तर बरीच वर्षं काढशील तू. ही पुडी चालू राहिली तर मी काही करू शकणार नाही." इतकं स्वच्छ कुणी बोलत नाही. मला त्या बाई आवडल्या.

बाहेर झाडाच्या पारावर तू उकिडवा बसलास.

"शाले, खरं सांग. वाचंन का मी?"

"पुडी सोडलीस तर वाचशील."

"आन् सोडल्यावर मागं पडलो तर?"

"म्हणजे?"

"मला येगळं बांधू नका."

मी चिडले. "तू काय शेरडू आहेस का दादा?" तू काड्या मोडत बसलास. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पुडी ही नुसती ड्युटीसाठी नव्हती. लहानपणापासून तू बघितलं होतंस, मागं राहणाऱ्याचं काय होतं. त्याचा खुंटा वेगळा, त्याच्याकडं बघायची नजर वेगळी. रक्तात काय आहे हे कळल्यावर तुला कुणाच्या नजरेत तसं व्हायचं नव्हतं. म्हणून तू पुढं पळत होतास. मला हे तुला बोलून दाखवायचं होतं. एसटीत बोलू म्हटलं, तर तुला झोप लागली.

तू घरी आलास, पुडी टाकून. पुढं काय होईल ते मी विचारून ठेवलं होतं: खूप झोपेल, मग खा खा करेल, मग मन अगदी खचेल, हातपाय उचलणार नाहीत. ते मरणाचं लक्षण नाही. पुडीनं अंगाला जे करू दिलं नाही ते अंग आता करतंय. आबाचा हात हातात घेऊन मी त्याला हे सांगितलं. "व्हय, व्हय," आबा म्हणाला.

सगळं तसंच झालं. शेरडं वर जायची आणि तू गोधडीत. कधी भिंतीकडं तोंड करून रडायचास. पण दोन्ही वेळची गोळी घेत होतास. वैनी तांब्या घेऊन उशाशी बसायची, घोट गिळलेला बघूनच उठायची. एका सुट्टीला मी आले तेव्हा तू नाचणीची भाकरी आणि ताक मागून घेतलंस, आणि आणखी अर्धी मागितलीस. वैनीनं ती वाढली आणि माझ्याकडं बघितलं. दादा, आजार कळल्यापासून वैनीला तुझ्यासाठी हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

आबाला भाकरी दिसली नाही. त्याला गोधडी दिसली.

मी उरवड्याला कामावर होते. आबा धाब्यावर उतरला, आणि ज्याला कधी फोन धरता येत नव्हता त्यानं धाबेवाल्याकडून संतोषला फोन लावून घेतला. "त्याला कामाला न्हे रं. चालत व्हता तवर बरा व्हता. ह्या गोळ्यांनी पार आडवा केलाय." दुसऱ्या दिवशी सकाळी संतोष गाडी घेऊन आला. वैनी दारात आडवी उभी राहिली होती, तिनं मला नंतर सांगितलं. "मामंजी, वन्संनी न्हाई म्हणून सांगितलंय," असं ती म्हणाली. आबानं तिला बाजूला केलं, रागानं नाही, हातानं हळूच. तुझ्या काखेत हात घालून तुला उठवलं, नवा सदरा घातला, रस्त्यापर्यंत आधार देत नेलं आणि पुढच्या सीटवर बसवलं. तू नाही म्हणाला नाहीस. कसा म्हणशील? तुला वेगळं बांधत नव्हते. तुला कळपात परत घेत होते.

नांद्याला पोचलास आणि त्याच संध्याकाळी चार्जिंग झालं. पुढचं औषध मिळायचं राहूनच गेलं. थोड्या आठवड्यांत डोक्यात ताप शिरला. दवाखान्यात मी तुझ्याजवळ बसले तेव्हा तू मला ओळखलं नाहीस. मला 'मॅडम' म्हणालास आणि विचारलंस, कुठं सोडू.

मी स्वतःला दोष देत बसणार नाही. सांगायचं ते सगळं मी सांगितलं, वेळेवर सांगितलं, तुला कळेल असं सांगितलं. माझं शिक्षण मी वाया घालवलं नाही. पण ते तुझ्या उपयोगी आलं नाही, हेही तेवढंच खरं, आणि ह्या दोन गोष्टी एकमेकींना काटत नाहीत. दोन्ही तशाच उभ्या राहतात. तुझे आभार मानायचे होते. आपल्यात भावाचे आभार मानत नाहीत, मानले असते तर तू माझी वर्षभर टिंगल केली असतीस. तरी मानायला हवे होते. ते इरलं तू माझ्या बाजूला जास्त धरायचास.

दहाव्याला संतोष आला होता. नमस्कार केला, एका जागी उभं राहवेना त्याला. त्याचा जबडा चालत होता. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, तुला सांगितलं होतं तसंच. तो ऐकत होता, मान हलवत होता, डोळे पुसत होता. "ताई, पटतंय सगळं. भाऊंची आन. पन आज संध्याकाळची पाळी हाय," म्हणाला, आणि जेवण तसंच टाकून गेला.

परवा वैनीला तपासणीला नेलं. तिच्या पेशी वाढल्यात, चांगल्या वाढल्यात. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. वैनी "बरं" म्हणाली आणि गोळ्यांची बाटली पदराच्या टोकाला बांधली.

आम्ही घरी पोचलो तेव्हा आबा अंगणात दावं वळत बसला होता. वैनी चुलीपाशी गेली.

"सूनबाईचं काय म्हनली डाक्टरीन?"

"चांगलं आहे, आबा. औषध लागू पडलं तिला."

आबा दावं वळत राहिला. मग त्याचा हात थांबला. "औषिद त्येच न्हवं? बिरूला द्येत हुते त्येच?"

"तेच."

"मंग त्याला का न्हाई लागू पडलं?"

दादा, ह्या प्रश्नाचं उत्तर मला येतं. ह्या डोंगरात दुसऱ्या कुणाला येत नसेल, मला येतं. मी तोंड उघडलं. आबा माझ्याकडं बघत होता. तो एकदम म्हातारा झालाय रे, मान धरत नाही त्याची. मी बोलायच्या आधी तोच म्हणाला, "म्या त्याला गाडीत बसवून दिला, त्ये तरी बरं केलं न्हवं? शेवटाला कामात मन रमलं आसंल त्याचं."

भर मातीला, साऱ्या गावासमोर मी तुझ्या आजाराचं नाव घेतलं होतं.

"हो आबा," मी म्हणाले. "बरं केलंस. त्याचा आजारच मोठा होता."

आबानं मान हलवली आणि पुन्हा दावं वळायला घेतलं. चुलीपाशी वैनीनं भाकरी उलटली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडं बघत नव्हती.

आबाला वाचता येत नाही, दादा. म्हणूनच हे लिहिता आलं.